पवनचक्कीच्या नोंदींतल्या ‘गाळलेल्या जागा’ मशीन लर्निंग कसं भरतं?

पावसाळा सुरू झाला की चाळकेवाडी, सडावाघापूर अशा साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांचे रील्स फोनवर दिसायला लागतात. धुकं, हिरवंगार पठार आणि संथ फिरणारी पाती. रीलमध्ये दिसत नाही ते पवनचक्कीच्या आत चालू असलेलं लिखाण. वारा किती होता, कुठून आला, वीज किती तयार झाली, पाती किती अंशात वळलेली होती, अशा अनेक गोष्टी आधुनिक पवनचक्की साधारणपणे दर दहा मिनिटांनी नोंदवत असते. म्हणजे दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० नोंदी.

प्रत्यक्षात मात्र एवढ्या नोंदी क्वचितच हाती येतात. कधी सेन्सर बिघडतो, कधी केबल तुटते, कधी नोंद येते पण ती खोटी असते. मग शाळेतल्या पेपरसारखा प्रश्न समोर येतो: गाळलेल्या जागा भरा. फरक एवढाच की इथे उत्तरपत्रिका कुणाकडेच नसते आणि चुकीच्या उत्तराचे पैसे जातात.

या रिकाम्या जागा भरायला आता मशीन लर्निंग मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. ते कसं चालतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे फसतं, ते समजून घेऊ.

पवनचक्की नेमकं काय नोंदवते?

पवनचक्कीच्या डोक्यावर जी पेटी दिसते, तिच्यात जनित्र आणि गिअर असतात. या पेटीच्या वर वाऱ्याचा वेग मोजणारा आणि दिशा सांगणारा असे छोटे सेन्सर बसवलेले असतात. आतमध्ये तापमान, पात्यांचा कोन, फिरण्याचा वेग आणि तयार होणारी वीज मोजली जाते. ही सगळी माहिती ‘स्काडा’ नावाच्या यंत्रणेतून नियंत्रण कक्षात जाते. दर सेकंदाच्या मोजमापांची दहा मिनिटांची सरासरी काढून ती साठवायची, हा या उद्योगातला रूढ प्रघात आहे.

पवनचक्की उभी राहण्याआधीही मोजमाप होतं. जिथे प्रकल्प करायचा तिथे उंच मनोरा उभारून निदान वर्षभर वारा मोजतात. अलीकडे जमिनीवर ठेवलेल्या लिडार यंत्रातून लेझरचे किरण वर सोडूनही वारा मोजता येतो. हवेतले धूलिकण त्या किरणांना परत पाठवतात आणि त्यावरून वेग कळतो. हवा फारच स्वच्छ असेल किंवा दाट धुकं, जोरदार पाऊस असेल, तर लिडारलाही नीट ‘दिसत’ नाही. तिथेही नोंद गळते.

नोंदी गळतात कशामुळे?

कारणं अनेक आहेत आणि ती वेगवेगळी ओळखणं महत्त्वाचं आहे.

पहिला प्रकार सरळ रिकाम्या रकान्याचा. इंटरनेट किंवा फायबर केबल बंद पडली, सर्व्हर बंद होता, सेन्सर जळाला. त्या वेळेपुढे काहीच लिहिलेलं नसतं.

दुसरा प्रकार खोट्या नोंदीचा. वेग मोजणारा सेन्सर अडकून बसला की तो तासन्‌तास एकच आकडा पाठवत राहतो. थंड देशांत सेन्सरवर बर्फ साचतो आणि वादळातही वेग शून्य दिसतो. इथे रकाना भरलेला आहे, पण तो रिकाम्यापेक्षा वाईट, कारण चूक लगेच लक्षात येत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. नोंद अगदी बरोबर असते, पण तिचा अर्थ वेगळा असतो. वारा जोरात आहे आणि वीज शून्य, अशी नोंद दिसली तर सेन्सर बिघडलेला असेलच असं नाही. दुरुस्तीसाठी पवनचक्की थांबवलेली असू शकते, किंवा ग्रीडमध्ये वीज जास्त झाली म्हणून उत्पादन कमी करण्याचा आदेश आलेला असू शकतो. हे आकडे ‘दुरुस्त’ केले तर खरी गोष्टच पुसली जाईल.

एवढ्याशा रिकाम्या जागांनी काय बिघडतं?

समजा वर्षातल्या फक्त ५ टक्के नोंदी गेल्या. ऐकायला किरकोळ वाटतं. ५२,५६० चे ५ टक्के म्हणजे २,६२८ नोंदी, म्हणजे ४३८ तास, म्हणजे अठरा दिवसांहून थोडं जास्त.

आता २ मेगावॉटची एक पवनचक्की घ्या. त्या ४३८ तासांत ती पूर्ण क्षमतेने चालली असेल, तर ८ लाख ७६ हजार युनिट वीज झाली. तीच वीस टक्के क्षमतेने चालली असेल, तर सुमारे १ लाख ७५ हजार युनिट. दोन्ही टोकं मुद्दाम घेतली आहेत, पण त्यांच्यातलं अंतर सात लाख युनिटचं आहे. युनिटचा दर ३ रुपये धरला, तर एका पवनचक्कीमागे २१ लाख रुपयांचा प्रश्न. एका प्रकल्पात अशा पन्नास-शंभर पवनचक्क्या असू शकतात.

विकलेल्या विजेचं बिल अर्थात या नोंदींवर होत नाही. त्यासाठी उपकेंद्रात वेगळा मीटर असतो. पण बाकी अनेक निर्णय या नोंदींवरच होतात:

- पवनचक्की बंद होती त्या काळात किती वीज बुडाली? देखभालीचं कंत्राट घेतलेली कंपनी आणि मालक यांच्यात भरपाईचा हिशोब यावरून ठरतो.
- नव्या प्रकल्पाला कर्ज देताना बँक विचारते, की दरवर्षी किती वीज नक्की मिळेल? त्याचं उत्तर मनोऱ्यावरच्या मोजमापांतून काढलं जातं.
- एखादी पवनचक्की हळूहळू कमी वीज देऊ लागली आहे का? पाती झिजली आहेत का? हे जुन्या आणि नव्या नोंदींच्या तुलनेतूनच कळतं.
- उद्या किती वीज होईल याचा अंदाज देणारी मॉडेलं याच नोंदींवर शिकतात. शिकवणीतच चूक असेल, तर अंदाजही चुकतो.

भारतात शेवटच्या मुद्द्याला पैशाची थेट किंमत आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून, कोणत्या भागात किती वीज देणार हे पवनऊर्जा प्रकल्पांना आधी कळवावं लागतं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक पडला की दंडात्मक आकार लागतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवन आणि सौर ऊर्जेसाठी यासंबंधीचे विनियम २०१८ मध्ये केले.

सरासरी टाकून मोकळं का होता येत नाही?

सर्वांत सोपा उपाय सगळ्यांना सुचतो: महिन्याची सरासरी काढा आणि रिकाम्या रकान्यात टाका. तापमानासाठी हे कदाचित चाललं असतं. वाऱ्याच्या बाबतीत एक भौतिक नियम आडवा येतो.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. वेग फक्त १० टक्के जास्त धरला, तर ऊर्जेचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगतो. १० टक्के कमी धरला, तर २७ टक्क्यांनी घटतो.

आता एक छोटा हिशोब करून पाहा. एका तासात वारा सेकंदाला ४ मीटर होता आणि पुढच्या तासात १२ मीटर. सरासरी ८ मीटर. आठचा घन ५१२. पण खरी बेरीज काय सांगते? चारचा घन ६४, बाराचा घन १,७२८, आणि त्यांची सरासरी ८९६. म्हणजे सरासरी वेग टाकल्यामुळे जवळजवळ ४३ टक्के ऊर्जा कागदावरून गायब झाली. वेगाची सरासरी अचूक होती, तरी ऊर्जेचा हिशोब चुकला.

पवनचक्कीचं गणित याहून थोडं गुंतागुंतीचं असतं. वेग सेकंदाला साधारण ३ मीटर झाला की ती वीज देऊ लागते, १२ मीटरच्या आसपास पूर्ण क्षमतेला पोचते आणि पुढे वारा वाढला तरी वीज तेवढीच राहते. २५ मीटरच्या आसपास ती स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. या चढउताराच्या आलेखाला ‘पॉवर कर्व्ह’ म्हणतात. त्याच्या मधल्या चढावर वेगातली छोटीशी चूकही विजेच्या हिशोबात मोठी होते.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. नोंदी सारख्या प्रमाणात गळत नाहीत. सह्याद्रीच्या पठारांवर सर्वांत जास्त वारा जून ते सप्टेंबरच्या काळात असतो. विजा पडणं, केबल तुटणं, वीजपुरवठा जाणं आणि दुरुस्तीची गाडी वर पोचायला उशीर होणं, हेही पावसाळ्यातच जास्त. म्हणजे जेव्हा वारा भरात असतो, नेमक्या तेव्हाच्याच नोंदी गायब होण्याची शक्यता जास्त. उरलेल्या नोंदींची सरासरी मग आपोआप कमी येते.

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गळालेल्या माहितीचे प्रकार मांडले. सोप्या भाषेत तीन प्रकार असे: नोंद निव्वळ योगायोगाने गळाली, नोंद गळण्याचं कारण आपल्याकडच्या दुसऱ्या माहितीत दिसतं, आणि नोंद गळण्याचं कारण त्या गळालेल्या आकड्यातच दडलेलं आहे. वादळाने सेन्सरच उडाला, तर तो तिसरा प्रकार. भरायला सर्वांत कठीण हाच.

मशीन लर्निंग येण्याआधी काय करायचे?

अगदी छोटी फट असेल, म्हणजे दहा-वीस मिनिटांची, तर अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदींना सरळ रेषेने जोडायचं. हे आजही चालतं. पण सहा तासांच्या फटीत सरळ रेषा ओढली तर मधली वावटळ, मधली शांतता दोन्ही हरवतात.

मोठ्या फटींसाठी शेजाऱ्याची मदत घेतली जायची. जवळच्या मनोऱ्यावर किंवा हवामान केंद्रावर तेव्हा किती वारा होता ते पाहायचं, दोन ठिकाणांचं जुनं नातं काढायचं आणि त्यावरून आकडा काढायचा. ‘मोजा, नातं जोडा, अंदाज काढा’ अशी ही तीन पायऱ्यांची पद्धत नव्या जागांचा दीर्घकालीन वारा काढायला आजही वापरली जाते.

शेजारीच नसेल तर? तेव्हा हवामानाचा पुनर्रचित इतिहास कामाला येतो. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने तयार केलेल्या ईआरए-५ या संचात १९४० पासूनचं जगभरचं हवामान तासातासाने मिळतं. उपग्रह, जहाजं, विमानं, हवामान केंद्रं यांची मोजमापं आणि हवामानाचं संगणकीय मॉडेल यांची सांगड घालून तो बनवला आहे. त्याची एक मर्यादा आहे. त्यातला एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा असतो. पाटण तालुक्यातलं वनकुसवड्याचं पठार आणि खालचं कोयनेचं खोरं अशा एकाच चौकोनात येऊ शकतात, आणि कड्यावर उसळून वर येणारा वारा त्या सपाट आकड्यात उतरत नाही.

मशीन लर्निंग यात वेगळं काय करतं?

जुन्या पद्धतीत नातं माणूस ठरवायचा: इकडे इतका वारा असेल तर तिकडे तितका. मशीन लर्निंगमध्ये जुन्या, शाबूत नोंदी संगणकासमोर ठेवल्या जातात आणि नातं त्याने शोधायचं असतं. एकाच वेळी अनेक गोष्टींचं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सात नंबरच्या पवनचक्कीची दुपारी दोन ते पाच ही नोंद गेली. म्हणजे अठरा रकाने रिकामे. आपल्याकडे काय आहे? सहा आणि आठ नंबरच्या पवनचक्क्यांचा वारा आणि वीज. वाऱ्याची दिशा. तापमान. दोनच्या आधीच्या आणि पाचच्या नंतरच्या सातच्या स्वतःच्या नोंदी. त्या तासांचा ईआरए-५ मधला वारा.

जुन्या नोंदींतून मॉडेल शिकतं, की पश्चिमेचा वारा असताना सातला सहापेक्षा थोडा कमी वारा मिळतो, कारण सहा नंबरची पवनचक्की तिच्या पुढे उभी आहे. पुढच्या पवनचक्कीने वाऱ्यातली ऊर्जा काढून घेतली की मागे मंद, ढवळलेला वारा पोचतो. हिवाळ्यात वारा उलट दिशेने आला की नातंही उलटतं. दिशा, वेग आणि वेळ यांप्रमाणे बदलणारं असं नातं एका सरळ सूत्रात बसत नाही. मशीन लर्निंगचा फायदा इथे होतो.

यासाठी वापरली जाणारी काही तंत्रं अशी:

जवळचे शेजारी. आजच्यासारखी परिस्थिती आधी कधी कधी होती ते शोधायचं आणि तेव्हाच्या आकड्यांवरून रिकामी जागा भरायची. गावातला अनुभवी शेतकरी ‘असं आभाळ त्या वर्षीही आलं होतं’ म्हणतो, त्यातलाच प्रकार.

रँडम फॉरेस्ट. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. ‘वेग आठपेक्षा जास्त आहे का? दिशा पश्चिम आहे का?’ अशा प्रश्नांची शेकडो झाडं तयार करायची आणि त्या सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी घ्यायची. एक झाड चुकलं तरी जंगल सावरून घेतं. तक्त्यातल्या माहितीवर ही पद्धत दणकट ठरते, म्हणून सुरुवात बहुतेकदा हिच्यापासून होते.

स्मृती असलेली न्यूरल नेटवर्क. सेप होखरायटर आणि युर्गन श्मिडहुबर यांनी १९९७ मध्ये एलएसटीएम हे तंत्र आणलं. क्रमाने येणाऱ्या नोंदी वाचताना आधीचं काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं हे ते शिकतं. रिकाम्या जागा भरताना एक जादा सोय असते. अंदाज वर्तवताना पुढचं माहीत नसतं, इथे फटीच्या दोन्ही बाजू माहीत असतात. २०१८ मध्ये आलेलं ‘ब्रिट्स’ हे मॉडेल म्हणूनच नोंदी सुलट आणि उलट अशा दोन्ही दिशांनी वाचतं.

एकमेकांविरुद्ध खेळणारी मॉडेलं. २०१८ मधल्याच ‘गेन’ या पद्धतीत एक मॉडेल रिकाम्या जागा भरतं आणि दुसरं त्यातल्या कोणत्या खऱ्या, कोणत्या भरलेल्या हे ओळखायचा प्रयत्न करतं. दुसऱ्याला ओळखता येईनासं झालं की पहिल्याचं काम जमलं.

जास्त गुंतागुंतीचं मॉडेल नेहमी जास्त चांगलं, असं मात्र नाही. शेजारच्या दहा पवनचक्क्यांची नोंद शाबूत असेल, तर साधं मॉडेलही छान काम करतं. पूर्ण प्रकल्पाचाच संपर्क तुटला असेल, तर कितीही भारी मॉडेल आणलं तरी शिकायला फारसं काही हाती नसतं.

१३४ पवनचक्क्यांच्या डेटातून काय दिसतं?

२०२२ मध्ये ‘केडीडी कप’ या जागतिक डेटा स्पर्धेसाठी चीनच्या बायडू कंपनीने एका खऱ्या पवनऊर्जा प्रकल्पाचा डेटा खुला केला. तो लोंगयुआन पॉवर या कंपनीकडून आलेला होता. १३४ पवनचक्क्या, २४५ दिवस, दर दहा मिनिटांची नोंद. म्हणजे ४७ लाख २७ हजार ५२० ओळी. स्पर्धा होती पुढच्या ४८ तासांच्या विजेचा अंदाज करण्याची, पण स्पर्धकांसमोर पहिला प्रश्न उभा राहिला तो नोंदींच्या विश्वासार्हतेचा.

म्हणून आयोजकांनीच नियम सांगितले होते. वाऱ्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरहून जास्त आहे आणि वीज शून्य किंवा त्याखाली आहे, तर खरी क्षमता ‘अज्ञात’ मानायची, कारण पवनचक्की बाहेरच्या कारणाने थांबवलेली असू शकते. पात्यांचा कोन ८९ अंशांहून जास्त असेल, तरीही अज्ञात, कारण पाती तशी वळवली की वारा त्यांना ढकलत नाही. पवनचक्कीच्या डोक्याने एका बाजूला ७२० अंशांहून जास्त, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्यांपेक्षा जास्त वळण घेतल्याचं दिसलं, तर ती नोंद सदोष. वीज उणे दिसली तर ती शून्य मानायची. पवनचक्की बंद असतानाही तिची यंत्रणा थोडी वीज खाते, तेव्हा असे उणे आकडे येऊ शकतात.

हे नियम कोणत्याही अल्गोरिदमने शोधलेले नाहीत. पवनचक्की कशी चालते हे माहीत असलेल्या माणसांनी ते लिहिले. रिकामी जागा भरण्याआधी ती रिकामी आहे हे ओळखावं लागतं, आणि त्यासाठी यंत्राची माहिती लागते.

दिशेच्या गणितातली मेख

वाऱ्याची दिशा अंशांत लिहितात. उत्तर म्हणजे ० किंवा ३६०. समजा आधीच्या नोंदीत दिशा ३५० अंश आहे, नंतरच्या नोंदीत १० अंश, आणि मधली गायब. सरळ सरासरी काढली तर १८० येतात. १८० म्हणजे दक्षिण! उत्तरेच्या वाऱ्याला कागदावर दक्षिणेचा करून टाकलं.

यावरचा उपाय शाळेतल्या त्रिकोणमितीतच आहे. दिशेचा साइन आणि कोसाइन काढायचा, ते दोन आकडे मॉडेलला द्यायचे आणि उत्तर आलं की परत अंशांत आणायचं. ही साधी गोष्ट विसरली तर महागडं न्यूरल नेटवर्कही बिनदिक्कत चुकीचं शिकतं.

भरलेली जागा बरोबर आहे हे कसं तपासायचं?

खरं उत्तर माहीत नाही, मग तपासायचं कसं? यावर एक चांगली युक्ती आहे. माहीत असलेल्या काही नोंदी मुद्दाम लपवायच्या, मॉडेलला त्या भरायला लावायच्या आणि मग खऱ्या आकड्यांशी ताडून पाहायच्या.

इथेही पळवाट असते. फक्त सुट्या सुट्या, दहा-दहा मिनिटांच्या नोंदी लपवल्या, तर पेपर फारच सोपा होतो. शेजारच्या दोन रकान्यांवरून कुणीही उत्तर देईल. खऱ्या आयुष्यात फटी सलग सहा तासांच्या, दोन दिवसांच्या, आठवड्याच्या असतात, तेही पावसाळ्यात. म्हणून परीक्षेतही तशाच सलग फटी ठेवाव्या लागतात. निकाल देताना ‘दहा मिनिटांच्या फटीत इतकी चूक, एका दिवसाच्या फटीत इतकी’ असं वेगळं सांगणं प्रामाणिक ठरतं.

दुसरी तपासणी उपकेंद्रातल्या मीटरची. सगळ्या पवनचक्क्यांची वीज मिळून, वाटेतली गळती वजा करून, मीटरवरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. एका पवनचक्कीची नोंद गेली असेल आणि बाकीच्यांची असेल, तर हा मीटर खोटं फार लपू देत नाही. तिसरी तपासणी भौतिक नियमांची: भरलेला आकडा पवनचक्कीच्या क्षमतेपेक्षा जास्त नको, शून्य वाऱ्यात वीज नको.

मशीन लर्निंग कुठे फसतं?

पहिली गोष्ट, ते न पाहिलेल्या हवामानात अडखळतं. फक्त हिवाळ्याच्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलला आषाढातला वारा माहीतच नसतो. रँडम फॉरेस्ट तर शिकताना पाहिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर जाऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट, मॉडेलं गुळगुळीत उत्तर देतात. चूक कमी ठेवायची म्हणून ती मधला आकडा पसंत करतात. त्यामुळे भरलेल्या भागात झोत आणि खंड दोन्ही पुसट होतात. वर पाहिलेला घनाचा नियम लक्षात घेतला, तर हा गुळगुळीतपणा ऊर्जेचा अंदाज बिघडवू शकतो. म्हणून चांगल्या पद्धती एकच आकडा देण्याऐवजी अनेक शक्य आकडे देतात, किंवा ‘उत्तर या दोन मर्यादांमध्ये असावं’ असं सांगतात.

तिसरी गोष्ट, हेतू मिसळतात. ‘प्रत्यक्षात किती वीज झाली?’ आणि ‘पवनचक्की चालू असती तर किती झाली असती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भरपाईच्या वादात दुसरा प्रश्न असतो. पहिल्यासाठी बनवलेलं मॉडेल दुसऱ्यासाठी वापरलं तर एका पक्षावर अन्याय होतो.

चौथी गोष्ट, भविष्य चोरलं जातं. रिकामी जागा भरताना पुढच्या नोंदी वापरणं योग्य आहे. पण तोच भरलेला डेटा घेऊन ‘आमचं मॉडेल उद्याचा अंदाज किती अचूक देतं’ हे दाखवलं, तर त्यात उद्याची माहिती आधीच मिसळलेली असते. निकाल कागदावर सुंदर दिसतो आणि प्रत्यक्षात उतरला की कोसळतो.

पाचवी गोष्ट सर्वांत साधी: भरलेल्या रकान्यावर खूण न करणं. पाच वर्षांनी तो तक्ता उघडणाऱ्याला कोणता आकडा सेन्सरचा आणि कोणता मॉडेलचा हे कळलंच पाहिजे.

आपल्याकडे याचं महत्त्व का वाढतंय?

भारतात पवनऊर्जेचे प्रात्यक्षिक प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात रत्नागिरी, गुजरातेत ओखा आणि तमिळनाडूचा किनारा ही सुरुवातीची ठिकाणं. मार्च २०२५ अखेर देशाची पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॉटच्या पुढे गेली. महाराष्ट्रात सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत मोठे प्रकल्प आहेत.

चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था देशभर वाऱ्याची मोजमापं करते. तिच्या अंदाजानुसार जमिनीपासून १५० मीटर उंचीवर देशाची पवनऊर्जेची संभाव्य क्षमता सुमारे १,१६४ गिगावॉट आहे, आणि त्यातली सुमारे १७४ गिगावॉट महाराष्ट्रात. जुन्या प्रकल्पांतल्या पवनचक्क्या याहून बुटक्या आहेत. त्यांच्या जागी उंच यंत्रं बसवायची की नाही, हे ठरवताना त्याच पठारावरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी सोन्यासारख्या आहेत. पण त्या सलग आणि विश्वासार्ह असतील तरच.

स्वतः करून पाहायचं असेल तर

यासाठी पवनऊर्जा प्रकल्पात नोकरी असायला हवी असं नाही. फ्रान्समधल्या ‘ला होट बोर्न’ या चार पवनचक्क्यांच्या प्रकल्पाचा डेटा एंजी कंपनीने खुला केला आहे. इंग्लंडमधल्या केल्मार्श या सहा पवनचक्क्यांच्या आणि स्कॉटलंडमधल्या पेनमनशील या प्रकल्पाचा डेटाही झेनोडो या संकेतस्थळावर मोफत मिळतो. पायथॉन येत असेल तर पांडाज आणि सायकिट-लर्न ही मोफत साधनं पुरतात.

सुरुवात अशी करा. एका पवनचक्कीचा एक शाबूत आठवडा निवडा. त्यातला एक दिवस लपवा. आधी सरासरीने भरा, मग सरळ रेषेने, मग शेजारच्या पवनचक्कीवरून, आणि शेवटी रँडम फॉरेस्टने. चारही वेळा चूक मोजा. बऱ्याचदा सर्वांत मोठी सुधारणा शेजारच्या पवनचक्कीमुळे होते आणि मॉडेलचा नंबर नंतर लागतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

बातमी वाचताना हे प्रश्न विचारा

‘एआयने पवनऊर्जेचा डेटा ९५ टक्के अचूक भरला’ अशी पोस्ट समोर आली, तर शेअर करण्याआधी एवढं पाहा:

- फटी किती लांबीच्या होत्या? दहा मिनिटांच्या की दहा दिवसांच्या?
- त्या कोणत्या ऋतूतल्या होत्या?
- तुलना कशाशी केली? साध्या शेजारी-पद्धतीपेक्षा किती फरक पडला?
- अचूकता वाऱ्याच्या वेगाची सांगितली की विजेची?
- पवनचक्की बंद ठेवलेला काळ वेगळा काढला होता का?
- भरलेल्या नोंदींवर खूण केली आहे का?

या सहांपैकी निदान चार प्रश्नांची उत्तरं त्या दाव्यात सापडली, तर तो गंभीरपणे घ्यायला हरकत नाही. एकाचंही उत्तर नसेल, तर ते ९५ टक्के कशाचे हे आधी विचारायला हवं.